पुढं पाठवलेलं सामान

मस्कतमधली आमची खोली रिकामी झाली तेव्हा भिंतींवर फक्त खिळे उरले होते. मालक, म्हणजे माझे यजमान, पक्कड घेऊन तेही काढायला लागले. शेजारी साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर राहायचा. तो दारात उभा राहून आमची बांधाबांध बघत होता.

"राव, पोळपाट कशाला नेता?" तो म्हणाला. "तुमच्या पारगावातल्या बाभळी संपल्या का काय?"

"हिच्या हाताला बसलाय तो," मालक म्हणाले.

"आन् खिळं? ती बी हाताला बसल्यात?"

मालक हसले, पण खिळे त्यांनी कागदात बांधून खोक्यात टाकलेच. टाकून द्यायचं असं आमच्याकडे काही नव्हतं. एकेक वस्तू आम्ही विचार करून घेतली होती. माझा स्वतःचा असा संसार तोच. लग्न झाल्यावर पारगावला होते तेव्हा सगळं सासूबाईंचं होतं, चमचासुद्धा. मालक तिकडे वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. पुढे फोरमन झाले, राहायला खोली मिळाली, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मुलगी तिथेच झाली. पहिलं पातेलं घेतलं ते मी कितीतरी दिवस वापरायचं सोडून नुसतं पुसून ठेवत होते.

परत निघालो ते मालकांच्या डोळ्यांमुळे. वेल्डिंगच्या उजेडाने नजर अधू झाली होती. आता जाळापुढे उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग गावी जाऊन करायचं काय, याचा विचार आम्ही दोघांनी बरेच दिवस केला. शेवटी उत्तर एकच निघालं, ते म्हणजे माझी शिवणाची मशीन. मंचरला एक खोली घ्यायची, मशीन मांडायची आणि बायकांचे कपडे शिवायचे. मालकांना दुसरं काही जमेपर्यंत तिच्यावरच घर चालणार होतं.

ही मशीन जपानी होती, हिरव्या रंगाची, मोटर लावलेली, वजनाला लई जड. खालच्या मजल्यावर केरळची एक बाई राहायची, तिने मला शिवण शिकवलं. तिला मराठी येत नव्हतं, मला तिचं काही कळत नव्हतं. बोटाने दाखवायची, मी करायची. माझ्यासारखीला ते बरं पडलं. मला माणसांत गेलं की शब्दच सुचत नाहीत. मशीनवर बसलं की बायका आपणहून यायच्या, मापाचा ब्लाउज ठेवायच्या, बोलायच्या, आणि मी नुसती मान हलवली तरी चालायचं. चौथीपर्यंत शाळा झाली होती, तेवढ्यावर मापं लिहिता यायची.

मशीनसाठी मालकांनी वर्कशॉपमधून लोखंडी पट्ट्या आणून मजबूत पेटी केली. मशीन गोधडीत गुंडाळून आत बसवली. बाकी सगळं खोक्यांत गेलं. घरपोच सामान पोचवणारा एक कार्गोवाला होता. जहाजाने मुंबईला, तिथून ट्रकने पारगावला. मालकांचा कंपनीकडचा हिशेब आणि कागद व्हायचे होते, म्हणून आम्हाला मागे थांबणं भाग होतं. प्रत्येक खोक्यावर मालकांनी काळ्या रंगाने मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं नाव घातलं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. ती सगळ्यांत धाकटी. मी पारगाव सोडलं तेव्हा परकरात होती. लग्नासाठी मालकांनी सोन्याची साखळी घेऊन ठेवली होती, ती आम्ही अंगावर आणणार होतो.

पारगावात फोन होता तो किराणा दुकानात. दुकान मारवाडी शेठचं. शेठची माणसं बोलायला आमच्यासारखीच, मराठीच. वेळ ठरवून मामा तिथे येऊन बसायचे. सामान जहाजावर चढलं तेव्हा मालकांनी फोन केला. मी शेजारी उभी होते. मालक वडिलांना दादा म्हणायचे. त्यांचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

"दादा, सामान पुढं पाठवलंय. लग्नाच्या आधी पोचंल. नीट उतरून घ्या. आमी मागनं येतो."

मामा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मालक म्हणाले, "समदं हाये, भांडी, मशीन, समदं." मग पैसे संपत आले म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमच्या तिकिटाची तारीख एकदा बदलली. आम्ही मुंबईला उतरलो आणि जीप करून पारगावला पोचलो, तो लग्नाचाच दिवस होता. लग्न संध्याकाळचं होतं. साखर कारखान्याचा हंगाम संपलेला, रस्त्यावर उसाच्या गाड्या नाहीत, सगळीकडे धूळ आणि ऊन. घरापुढे मांडव होता. मुलगी माझ्या खांद्यावर झोपलेली. मी डोक्यावर पदर घेऊन आत शिरले. बायकांनी गराडा घातला, कुणी पाया पडायला लावलं, कुणी मुलीचे गाल ओढले. सासूबाईंनी माझा हात धरला.

"चल, आधी रुखवत बघ. समदं गाव बघून गेलंय, तूच ऱ्हायलीस."

मांडवाच्या एका बाजूला खाटा लावून त्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या. पुढे नेहमीचं मांडलं होतं. सुपारीचे नवरानवरी, रंगवलेले नारळ, लाडवांचा ढीग, काड्यापेट्यांचं देऊळ. मागे पायऱ्या करून भांडी रचली होती.

पहिल्यांदा मला नुसतं बरं वाटलं. एवढ्या अनोळखी गर्दीत काहीतरी ओळखीचं दिसलं म्हणून. कुकर दिसला. त्याचं हँडल एका बाजूने काळं झालेलं. मनात आलं, अरे, हा आपल्या कुकरसारखाच आहे. मग मिक्सर दिसला, मग निळ्या फुलांच्या प्लेटी. मागे पडदे लावले होते, ते मी शिवलेले होते. त्यांच्या खालच्या दुमडीला माझी तिरकी शिलाई होती. पहिलं पातेलंही होतं. त्याला पडलेला पोचा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. माझा पोळपाटही होता, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं.

आणि मधोमध उंच टेबलावर माझी मशीन. तिला झेंडूचा हार घातला होता. हिरव्या रंगावर हळदकुंकवाची बोटं उमटली होती.

मुलगी खांद्यावर नसती तर मी खाली बसले असते.

"कसं मांडलंय?" सासूबाई विचारत होत्या. "समदं चिंच लावून लावून घासलं. मंचरला नेऊन नावं टाकून घेतली. बघ की."

त्यांनी एक तांब्या उचलून माझ्यापुढे धरला. त्यावर मशीनने नाव कोरलेलं होतं. माझ्या नणंदेचं नाव, त्याच्या आधी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, आणि खाली, "हिस दादा-वहिनीकडून सप्रेम भेट". मी दुसरा तांब्या बघितला. ताटं बघितली. डबे बघितले. पिठाचा, डाळीचा, मिठाचा. सगळ्यांवर तेच. माझ्या संसारातल्या एकेका वस्तूवर मीच ती देऊन टाकल्याचं कोरलेलं होतं.

"तू हितं न्हवतीस," सासूबाई म्हणाल्या, "पन तुझं नाव समद्याच्या आधी लावलं मी."

शेजारी माझी चुलतसासू उभी होती. ती म्हणाली, "येक दोन भांडी वापरल्यावानी दिसत व्हती बरं का. मी म्हनलं, पोरीनं आधी शिजवून बघितली असत्याल. तिकडची भांडी, काय भरवसा."

"आन् त्या गाऊनच्या चिंध्या घातल्या व्हत्या ना पॅकिंगला," सासूबाई म्हणाल्या, "त्या गोनीत भरून माळ्यावर टाकल्यात. पायपुसनी व्हतील."

ते माझे रोजचे गाऊन होते. मी मान हलवली. सासूबाईंचं तोंड आनंदाने फुललं होतं. खोटं काही नव्हतं त्यात, ढोंग नव्हतं. आपल्या लेकाने बहिणीसाठी जहाज भरून संसार पाठवला, असंच त्या समजून होत्या.

मालक पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होते. मी जाऊन हळूच म्हटलं, "अहो, आपलं सामान रुखवतात मांडलंय."

"काय बोलतीस?"

"सगळं. मशीन पण."

ते तसेच ओल्या तोंडाने गेले. नजर अधू, म्हणून अगदी जवळ जाऊन उभे राहिले. मी लांबून बघत होते. त्यांनी एक डबा हातात घेतला आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवून वाचलं. मग दुसरा घेतला. लोकांना वाटलं असेल, भाऊ आपली भेट न्याहाळतोय.

मामा गोठ्याशेजारी आचाऱ्याला सरपण काढून देत होते. मालक त्यांच्याकडे गेले, मीही मागे गेले.

"दादा, त्ये आमच्या घरातलं सामान व्हतं," मालक म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हंजी आमचं. वापरायचं. आमी बिऱ्हाड हलवलंय. परत जानार नाय मी."

मामा लाकूड हातात घेऊन थांबले. "फोनवर तूच म्हनलास ना, सामान पुढं पाठवलंय, लग्नाच्या आधी पोचंल."

"लग्नाच्या गडबडीत ट्रक यायला नको, म्हनून तसं म्हनलो."

"आरं, वापरल्याली भांडी जहाजात घालून कोन आनतं रं?" मामांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाहेरदेशी गेल्याला मानूस येतो तवा वाटायला आनतो. घड्याळ आनतो, सेंट आनतो, बिलांकीट आनतो. पोळपाट कोन आनतं?"

आमच्या गावात तोवर कुणी बिऱ्हाड घेऊन परत आलं नव्हतं. बाहेरून आलेलं सामान म्हणजे दुसऱ्यांना द्यायचं सामान, एवढंच सगळ्यांनी बघितलं होतं. आणि बहिणीच्या लग्नाच्या तोंडावर भावाकडून भांडी आणि मशीन आली, तर त्याचा दुसरा अर्थ कसा लागणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही घासून मांडली असती.

मामा सरपणाच्या ढिगावर बसले. "विहीनबाई परवा येऊन समदं बघून गेल्यात," ते म्हणाले. "त्यांच्या गावी, डिंभ्याला जाऊन समद्यांना सांगितलंय त्यांनी, सून फॉरेनची मशीन घिऊन येनार म्हनून. आता रुखवतातली येक वाटी जरी काढली, तरी पोरीला जलमभर ऐकून घ्यावं लागंल."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तेवढ्यात वाजंत्री वाजायला लागली. वऱ्हाड आलं होतं.

दुपारी पंगती उठल्यावर विहीणबाई चार बायकांना घेऊन रुखवतापाशी आल्या. काही डिंभ्याच्या, काही जुन्नरकडच्या पाहुण्या. मी खांबाच्या आड उभी होते, पण सासूबाईंनी मला पुढे ओढलं.

"ही काय माझी सून. हिनंच पाठवलंय."

"मग वैनीबाई, चालवून दावा की," विहीणबाई म्हणाल्या. "का नुसती हार घालून पुजायची हाये?"

बायका हसल्या. कुणीतरी मांडवाच्या जनरेटरची वायर आणली. मला स्टुलावर बसवलं. हाराची फुलं बाजूला सारून मी माझ्याच मशीनमध्ये लाल दोरा ओवला. दोरा पहिल्याच खेपेला गेला. हातांना सवय होती. नारळावरचा खणाचा तुकडा कुणीतरी पुढे केला. मी सरळ टीप मारली. मशीनने नेहमीचाच आवाज केला. आमच्या खोलीत दुपारी यायचा तोच. माझे डोळे भरून आले, म्हणून मी मान वर केलीच नाही.

विहीणबाईंनी कापड उलटं करून बघितलं. "ह्ये काय? वरनं लाल आन् खालनं पिवळी?"

बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या रिळात, पिवळा दोरा होता. निघायच्या आधी मुलीचा फ्रॉक शिवला होता, त्यातला उरलेला.

"असंल तिकडची तऱ्हा," चुलतसासू म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मी वर बघितलं तेव्हा घराच्या दारात नणंद उभी होती. अंगावर हळदीची पिवळी साडी, हातात हिरवा चुडा. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या उलट्या केलेल्या कापडाकडे बघत होती. मग तिला कुणीतरी आत बोलावलं.

लग्न लागलं. आणलेली साखळीही मालकांनी तिच्या गळ्यात घातली. निघायच्या वेळी प्रश्न आला, नवरीबरोबर पाठराखीण म्हणून कोण जाणार. घरात दुसरी बहीण नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "वैनी जाईल की. तिचाच संसार... म्हंजी तिनंच दिल्याला संसार, तीच लावून दिल."

अशी मी दुसऱ्या दिवशी टेंपोत माझ्या सामानाबरोबर बसून डिंभ्याला गेले. पुढे नवरानवरीची जीप, मागे मी, माझा कुकर, माझे डबे आणि मशीन. घाटातल्या रस्त्यावर टेंपो हलला की मी एका हाताने मशीन धरत होते आणि दुसऱ्याने डब्यांची थप्पी. मस्कतहून एवढ्या लांब आलेलं सामान पारगावात थांबलंच नाही, तसंच पुढे चाललं होतं. राग कुणाचा करायचा, तेच सापडत नव्हतं.

नणंदेचं घर धरणाच्या जवळ, उतारावर. मागच्या बाजूला मासेमाऱ्यांची जाळी वाळत घातलेली. त्या घरातल्या फळीवर मी माझे डबे लावले. मोठा खाली, मिठाचा हाताशी, डाळीचा त्याच्यामागे. माझ्या खोलीत जसे होते तसेच लागले. मला कळलंही नाही. लावून झाल्यावर मी मागे सरून बघितलं आणि तिथेच खाली बसले. नणंद चुलीपाशी होती. ती उठून आली, माझ्या शेजारी बसली. तिने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

संध्याकाळी सगळे अंगणात बसले असताना ती सासूला म्हणाली, "आत्या, मला मशीन येत नाय."

"येत नाय?" विहीणबाई म्हणाल्या. "मग ह्ये धूड कशाला आनलं?"

"वैनी शिकवत्याल. मांडवपरतणीला माहेरी जाईन तवा संगं नेते. शिकले की घिऊन येते. हितं तसं बी लाइट कवा असती."

लाइट खरंच नसायची. विहीणबाईंनी थोडा विचार केला. "ने. पन लवकर शीक. मी लोकांना सांगून बसलीय."

मला तेव्हा वाटलं, कुणा देवाने तिच्या तोंडून हे वदवलं. मांडवपरतणीला ती आली ती मशीन घेऊनच. मालकांनी ती टेंपोतून स्वतः उतरून घेतली. आम्ही मंचरला खोली घेतली. भांडी नव्हती. सासूबाईंनी दिलेली दोन पातेली, एक तवा. पण मशीन होती. हळूहळू बायका यायला लागल्या, मापाचे ब्लाउज ठेवायला लागल्या. मालकांनी एका दुकानात काउंटरवर बसायचं काम धरलं. घर चाललं ते माझ्या मशीनवर.

नणंद मात्र शिकली नाही. ती डिंभ्याहून यायची, एसटी कधी असायची कधी नसायची, तरी यायची. मी तिला मशीनवर बसवायची. ती सुई मोडायची. दोरा उलटा ओवायची. सरळ टीप मार म्हटलं की नागमोडी जायची. मी हसायची. मालक म्हणायचे, "ताई, तुझ्यापरीस बैल सरळ चालत्यात." तीही हसायची.

तिची सासू तिला बोलायची ते माझ्या कानावर यायचं. एकदा मी डिंभ्याला गेले होते. विहीणबाईंनी मला पाणी दिलं ते माझ्याच तांब्यातून. कोरलेली 'वहिनीकडून' ही अक्षरं माझ्या ओठांशी आली. पाणी पिऊन होईपर्यंत त्या म्हणाल्या, "काय वो वैनीबाई, अजून शिकली नाय व्हय ही? का तुमीच शिकवीत नाय?"

नणंद भाकरी थापता थापता म्हणाली, "समदं आलंय आत्या. गुंड्यांची काजं तेवढी ऱ्हायल्यात."

"मागच्या बारीला बी काजंच ऱ्हायली व्हती. मंद हाये झालं. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाय." 

असं ते दर वर्षी चाललं. काजं राहायचीच. तिला मुलं झाली, मुलं शाळेत जायला लागली, तरी काजं राहिलेलीच. पुढेपुढे तिच्या सासरी तो चेष्टेचा विषय झाला. कुणाचं काही काम अडलं की म्हणायचे, काजं ऱ्हायली का. मीही मनात धरून चालले होते की हिच्या हातात शिवण नाही, आणि त्यातच माझं भलं आहे.

अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगचं कॉलेज सुरू झाल्यावर आम्ही तिकडे खोली घेतली. पोरांच्या पँटी आखूड करायच्या, पोरींचे ड्रेस बसते करायचे, असं काम मिळायला लागलं. एका वर्षी गॅदरिंगसाठी पोरींनी नाचाच्या चोळ्या शिवायला टाकल्या. कापड बेतून झालं आणि मी ओल्या फरशीवरून घसरून पडले. उजवा हात मनगटात मोडला. मंचरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. पोरींना काय सांगायचं, ह्या काळजीने मला जेवण जाईना. नणंदेला कळल्यावर ती भाकरी करायला म्हणून येऊन राहिली.

दोन-तीन दिवसांनी मी डॉक्टरकडे जाऊन एकटीच परत आले. मुलगी शाळेत, मालक कामावर. दाराशी आले आणि आतून मशीनचा आवाज आला. मला त्या मशीनचा आवाज ओळखू येतो. कोण चालवतंय तेही त्यावरून कळतं. शिकणारीचा आवाज तुटक येतो, अडखळत. हा एकसारखा होता. वळणावर हलका होत होता आणि सरळ रेघेला लागला की पुन्हा जोर धरत होता. मला वाटलं, मंचरची कुणी शिंपीण बसली असेल.

खिडकीतून बघितलं तर नणंद होती. साडीचा पदर खोचलेला, दाताखाली दोरा. शेजारी तयार चोळ्यांचा ढीग. तिने बाही लावली, चुणी न पडता, एका दमात. मी बाही लावते तेव्हा दोनदा टाचून घेते. तिने टाचलीच नाही.

मी दार ढकललं. ती दचकली, मशीन थांबली.

"कधीपासून येतं?" मी विचारलं.

तिने दोरा तोडला. "लग्नाच्या आधीपासनं. शेठच्या सूनबाईंनी शिकवलं. दुपारची जायची मी त्यांच्याकडं. आईला वाटायचं टीव्ही बघायला जातीय."

"मग... सुया मोडायचीस..."

"मोडाव्या लागायच्या," ती म्हणाली. "तुमी समोर बसलेल्या."

मी भिंतीला टेकले. मांडवात मशीन बघितली तेव्हाही इतकं सुन्न झालं नव्हतं. इतकी वर्षं ही बाई मंद म्हणून घेत होती. मालकांनी बैलाची चेष्टा केली, मी हसले होते.

"कुणी सांगितलं तुला, मशीन माझी होती म्हणून? तुझ्या दादाने?"

"कुनी नाय. मांडवात तुमी टीप मारली, खालनं पिवळा दोरा निघाला." ती उठून चोळी झटकत होती, माझ्याकडे न बघता. "नव्या मशीनीच्या बॉबिनला दोरा नसतो, वैनी. कुनाची तरी शिवती मशीन उचलून आनलीय, त्ये तवाच कळलं. मग भांडी उलटीपालटी करून बघितली. कुकर बघितला. मग तुमचं तोंड बघितलं."

"तू बोललीस का नाहीस?"

"हळदीच्या अंगानं काय बोलू? आन् भांडी तर गेलीच व्हती, नावं टाकल्याली. त्यातलं येकच काढता येत व्हतं."

"तुला नको होती का मशीन?"

तिने मशीनवर साचलेली दोऱ्याची लव बोटाने पुसली. "पाहिजे व्हती की," ती म्हणाली. "पेटी फोडली त्या दिवशी मीच पयल्यांदा हात लावला व्हता तिला. आई म्हनली, दादानं तुझ्यासाठी धाडलीय. दोन रात्री झोप नाय लागली मला. काय काय शिवायचं, समदं ठरवून ठेवलं व्हतं."

बाहेरून कॉलेजच्या पोरी आल्याचा आवाज आला. दारात येऊन त्या चोळ्या बघायला लागल्या, अंगाला लावून एकमेकींना दाखवायला लागल्या. एक म्हणाली, "काकू, हात मोडला तरी कसल्या भारी शिवल्यात." मी नणंदेकडे हात केला. ती लगबगीने चुलीकडे गेली, जसं काही तिचा काही संबंधच नाही.

पोरी गेल्यावर मी म्हटलं, "मशीन घेऊन जा तू. आता मी दुसरी घेईन."

"नेऊन काय सांगू सासूला? आत्तापतुर काय करत व्हते म्हनून इचारंल." ती हसली. "म्हातारी अजून काजांची वाट बघती. बघू द्या."

ढिगातली शेवटची चोळी तिने उचलली. "हिचे हूक लावायचे ऱ्हायलेत. ह्या टोकाला धरा जरा, डाव्या हातानं."

मी तिच्यासमोर बसले आणि कापड धरलं.